डावीकडचं दालन

नववी पाटी तपासताना माझी पेन्सिल ‘निपुत्रिक’ या शब्दाशी अडली. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि खालच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत नेहमीसारखा दिवा लावून बसावं लागत होतं. त्या खोलीची खिडकी फुटपाथच्या उंचीवर आहे, तिच्यातून फक्त माणसांचे पाय दिसतात. एकतीस वर्षं मी या संग्रहालयात पाट्या लिहिते. काचेच्या पेटीत मडकं असेल तर मडक्याची, तलवार असेल तर तलवारीची, साठ शब्दांच्या आत, शाळेतल्या पोराला कळेल आणि प्राध्यापकाला खटकणार नाही अशी. वरच्या मजल्यावरचे लोक मला पाटीवाली म्हणतात. तोंडावर ताई, पाठीमागे पाटीवाली. या वेळचं प्रदर्शन सरहद्दीकडच्या बायकांवर होतं. एकूण बारा बायका, दोन दालनं. उजव्या दालनात पहिली शाळा काढणारी, पहिली डॉक्टरीण, दुष्काळात धान्य वाटणारी, अशा सहा. डाव्या दालनात सरकारी दप्तर जाळणारी, दोन नवरे सोडून तिसऱ्याबरोबर गेलेली गाणारी, उतारूंना विष घालणारी खाणावळवाली, अशा सहा. उजवीकडच्या नामवंत, डावीकडच्या नामचीन. ही कोटी संचालकांना फार आवडली होती, त्यांनी ती पत्रकावरसुद्धा छापली. कोटी माझीच होती. सहा महिन्यांपूर्वी बैठकीत यादी वाचून दाखवली गेली, डावीकडे नवव्या क्रमांकावर ‘खिंडवाली’ असं नाव आलं, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी पटकन ती कोटी केली होती. सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर सहा महिने मूग गिळून बसले होते आणि वाटत होतं की हे असंच निभावून जाईल.

पाटी एका तरुण अभ्यासकानं लिहिलेली होती, मला तिच्यावर नुसता हात फिरवायचा होता. खेचरं हाकणारी, सरहद्द आखली गेल्यावर नऊ वर्षं खिंडीतून चोरटा माल आणि माणसं नेणारी, चौकीच्या अंमलदाराच्या मृत्यूबद्दल वीस वर्षं शिक्षा भोगलेली. सगळं ठीक होतं. शेवटी, जणू पाटीला एक शब्द कमी पडत होता म्हणून, ‘निपुत्रिक.’ मी तो शब्द पुन्हा वाचला. काटेकोरपणे पाहिलं तर चूक नव्हती. निपुत्रिक म्हणजे जिला पुत्र नाही. तिला पुत्र नव्हताच. तिला मुलगी होती. ती मुलगी त्या घटकेला माझ्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून, डॉक्टरांनी बंद केलेला तिसरा कप चहा करून घेत असणार. आणि तिची मुलगी इथे दिव्याखाली, त्रेपन्न वर्षांची, नाकावर चष्मा, हातात पेन्सिल. खिडकीबाहेर पायांची एक जोडी थांबली, चपलेचा अंगठा नीट केला आणि गेली. मला एकाएकी असं वाटलं की मी या खोलीत नाहीच. एका शब्दानं मला, आईला, दादाला, दादाच्या मुलांना, सगळ्यांना एका दमात पुसून टाकलंय, आणि त्या पुसण्यावर सही करायला कागद माझ्याचकडे आला आहे.

मी वीस वर्षांची असताना आईनं मला हे सांगितलं. आई शाळेत शिवण शिकवायची आणि घरी बायकांचे कपडे बेतायची. तेव्हा माझं लग्न ठरलं होतं आणि ती माझ्या अंगावर कापड लावून टाचण्या मारत होती. टाचण्या तिच्या ओठांत धरलेल्या. तीन दिवसांपूर्वी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली होती, सरहद्दीच्या गावात बसथांब्याजवळ चहाचं दुकान चालवणारी, एके काळची कुप्रसिद्ध खिंडवाली वारली. आईनं ते पान वाचलं होतं, घडी करून ठेवलं होतं आणि कामाला लागली होती. तीन दिवस काही नाही. आणि मग ओठांतल्या टाचण्या न काढता, म्हणून नीट कळूही नये अशा आवाजात ती म्हणाली, ती माझी आई होती. मी विचारलं कोण, तर म्हणाली, हात वर कर. पुढे काही सांगितलं नाही. आम्हाला लहानपणापासून एवढंच माहीत होतं की आईची आई तापानं गेली, आईला एका ट्रकवाल्याच्या कुटुंबानं वाढवलं आणि पुढे मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. मला त्या दिवशी काय वाटलं हे आज आठवताना अजून लाज वाटत नाही. मला आनंद झाला होता. आमच्या घरात सगळं कसं मोजूनमापून, शिवणीच्या रेघेवरून चालल्यासारखं. वडील वीज कंपनीत कारकून, दादा अभ्यासात पुढे, मी बऱ्यापैकी. त्या घराच्या मागे कुठेतरी एक बाई खेचरांचा तांडा घेऊन बर्फातून चालली आहे, असं एकदम दिसलं. मला वाटलं, हे ज्याच्याशी लग्न करायचं आहे त्याला सांगावं. त्याला आवडेल. तो पुस्तकं वाचायचा. मी त्याला बागेत बाकावर बसून सांगितलं, हातवारे करून, तिचं शौर्य वगैरे. तो ऐकत राहिला, मधूनमधून मान हलवली. आठ दिवसांनी त्याचं दोन ओळींचं पत्र आलं, त्यात पहिली ओळ मी बरी आहे ना अशी होती. आई माझ्याशी चार महिने बोलली नाही. रागावली नाही, आदळआपट केली नाही, फक्त बोलली नाही. पाचव्या महिन्यात म्हणाली, भाजी घेऊन ये. तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप. पुढे लग्न झालं नाही ते झालं नाही. लोक मला विचारायचे का केलं नाहीस, मी म्हणायचे वेळ मिळाला नाही, आणि लोकांना ते पटायचं, म्हणजे मी किती कामसू दिसत असेन.

संग्रहालयात लागल्यावर मात्र मी चोरून चोरून तिचा माग काढला. दप्तरखान्यात जायला मला परवानगी लागत नाही. तिच्यावरच्या खटल्याचे कागद मी पहिल्याच वर्षी वाचले आणि नंतर अनेकदा. नवरा खेचरवाला, तो बावीस वर्षांच्या तिला मागे टाकून दरड कोसळून गेला, तेव्हा पदरात दोन वर्षांची मुलगी. ही दोन वर्षांची मुलगी कागदात नाही, ती मी मनानं तिथे ठेवायचे. सरहद्द त्याच्या आधी दोन वर्षं आखली गेली होती. कुणीतरी लांब बसून कागदावर रेघ मारली, ती नेमकी खिंडीतून गेली, आणि गावाचं पाणी एका देशात, गावाचं शेत दुसऱ्या देशात. काल जो व्यापार होता ती आज चोरी झाली. दोन वर्षं ती नवऱ्याबरोबर चालली होती, आता त्याची खेचरं घेऊन एकटी तोच रस्ता चालत राहिली. मीठ, कापड, औषधं. मग माणसं. घर सोडून पळालेल्या मुली, पलटणीतून पळालेले शिपाई, आणि अडलेल्या बायका, कारण दवाखाना पलीकडे होता. चौकीचा अंमलदार मालातला वाटा घेऊन अडसर वर करायचा. शेवटच्या हिवाळ्यात त्यानं सात माणसांना अडसरापाशी बर्फात थांबवून ठेवलं. दोन कुटुंबं होती. त्याला त्यांच्यातली सोळा वर्षांची मुलगी चौकीत ठेवून घ्यायची होती. खिंडवालीनं बदल्यात सगळी खेचरं देऊ केली. सकाळी तो खेचरं बघायला तिच्याबरोबर वळणापर्यंत गेला आणि दरीत पडला. पडला की पाडला, यावर खटला चालला. ती न्यायालयात जवळजवळ काहीच बोलली नाही. सगळ्या कागदांत तिची म्हणून तीन वाक्यं आहेत. नाव सांगितलं ते एक. मला माहीत नाही, हे दुसरं. आणि सरकारी वकिलानं विचारलं की वळणावर तुझ्याबरोबर एक मूल होतं असं कळतं, ते कुणाचं, त्यावर तिसरं: मला मूल नाही. त्या तिसऱ्या वाक्यावरून अभ्यासकानं ‘निपुत्रिक’ लिहिलं होतं. आणि त्याच वाक्यावरून मी तीस वर्षं धरून चालले होते की तिला आपल्या पोरीवर आपली सावली पडू द्यायची नव्हती. आईच्या बाबतीत मी असं धरून चालले होते की तिनं ते वाक्य कुठेतरी वाचलं असावं आणि तिला ते फार लागलं असावं. त्यामुळे मी घरात तो विषय कधी काढला नाही. एका घरात तेहतीस वर्षं, दोन बायका, आणि मधे ते वाक्य, कुणी धक्का लावायचा नाही अशा काचेच्या भांड्यासारखं.

त्या मंगळवारी मी पाटी घेऊन संचालकांकडे गेले. संचालक चाळिशीचे, माझ्याहून लहान, हुशार, कुणाचं मन न दुखवणारे. मी म्हटलं, हा शब्द चुकीचा आहे, हिला मुलगी होती. त्यांनी विचारलं, कागद? मी म्हटलं, कागद नाही. ते हसले, अगदी सौजन्यानं, आणि म्हणाले की ताई, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, कागद काय म्हणतो तेवढंच पाटीवर. मी म्हटलं, मी तिची नात आहे. पंखा फिरत होता. त्यांनी खुर्ची मागे घेतली, मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, जणू मला चक्कर आली आहे. मग ते बराच वेळ बोलले. समितीला काय वाटेल, उद्घाटनाला नऊ दिवस राहिलेत, आपल्याच नात्यातल्या माणसाची पाटी आपणच लिहिणं नियमात बसतं का, आणि शेवटी, माझी सोय बघून, त्यांनी तोडगा काढला. निपुत्रिक हा शब्द तसा बरोबरच आहे ना, मुलगा नव्हताच, मग राहू दे, कुणाला खोटं सांगितल्यासारखंही होणार नाही. तोच विचार दोन तासांपूर्वी माझ्या डोक्यात येऊन गेला होता, आणि त्यांच्या तोंडून ऐकताना मला त्याची किळस आली. आमच्याकडे प्रत्येक पाटी छापायला जाण्याआधी कोपऱ्यात माझी सही लागते. एकतीस वर्षांत मी एकाही पाटीवरची सही अडवली नव्हती, अगदी हरलेल्या लढाईला माघार म्हणायला लावलं तेव्हासुद्धा. मी उठले.

“सर, या पाटीवर मी सही करणार नाही,” मी म्हटलं. “तुम्हाला दुसऱ्या कुणाची घ्यायची तर घ्या. पण मग त्याच्याखाली हेही लिहा, की हिच्या नातीनं हे नाकारलं.”

आवाज बरा निघाला. जिना उतरताना मला दादाला फोन करावासा वाटला, आणि ती चूकच झाली. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आईनं त्याला हे त्याच्या लग्नानंतर सांगितलं होतं, आणि त्यानं ते ऐकून घेतलं आणि कुठेतरी आत नेऊन पुरलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला की आईचं वय झालंय, आईला हे सोसणार नाही, मुलांना नोकरीच्या ठिकाणी काय वाटेल, आणि मला आत्ताच हे का सुचलं. मी म्हटलं, आत्ता पाटी आली म्हणून. तेव्हा त्याचा आवाज चढला. “छत्तीस वर्षं मी जकात खात्यात काढली,” तो म्हणाला, “मागच्या वर्षी त्यांनी मला शाल घालून निरोप दिला, आणि तू आता भिंतीवर लिहिणार की माझी आजी चोरटा माल आणायची?” मला हसू आलं. मी खरंच हसले, आणि त्याला वाटलं मी रडते आहे, म्हणून तो मऊ झाला आणि म्हणाला, जाऊ दे गं, सोडून दे. सोडून दे हे तो लहानपणापासून मला सांगत आला आहे, आणि मी सोडून देत आले आहे. खेळातला डाव, खिडकीजवळची जागा, वडिलांची सायकल, एक माणूस. मी फोन ठेवला. घरी जाताना मला सारखं वाटत होतं की कुणीतरी माझ्या बाजूनं चालतंय. मागे वळून पाहण्यासारखं काही नव्हतं, दुकानं, सिग्नल, फुटपाथवर मांडलेल्या बादल्या. पण मी भरभर चालत होते, चढावर चालतात तशी पुढे वाकून, आणि माझ्या लक्षात आलं की मी माझ्या नेहमीच्या चालीनं चालत नाहीये.

साडेपाच वाजले होते. आई गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेजारच्या इमारतीत कुणी काय वाळत घातलंय ते बघत होती. हा तिचा आवडता कार्यक्रम. मी तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि सांगितलं. सगळंच सांगितलं, प्रदर्शन, पाटी, शब्द, संचालक, दादा. वाटत होतं तिचा चेहरा मिटेल, चार महिन्यांचं ते मौन परत येईल, आणि या वयात चार महिने म्हणजे काय. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिला उजवीकडे ठेवलंय की डावीकडे. मी म्हटलं, डावीकडे. बरं, म्हणाली. डावीकडे आणखी कोण कोण आहे? मी सांगितलं. खाणावळवालीचं ऐकून तिनं विचारलं, किती जणांना विष घातलं, मी म्हटलं चौघांना, तर म्हणाली, मग आपली तशी बरीच म्हणायची. आणि हसली. माझ्या आयुष्यात आईनं पहिल्यांदा तिला ‘आपली’ म्हटलं होतं. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे काढून आत गेली, दार लावल्याचा आवाज झाला. आई पुन्हा बोलायला लागली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती.

ती म्हणाली, मी तिथे होते. मला वाटलं वळणावर. ती म्हणाली, वळणावरही होते आणि न्यायालयातही. नऊ वर्षांची होते. ट्रकवाल्याच्या बायकोच्या मागे लागून लागून गेले, तिनं मला शेवटच्या बाकावर आपल्या अंगाशी धरून बसवलं. गावातले चौदा जण साक्षीला आले, एकालाही आठवलं नाही की हिला पोर आहे. चौदा माणसं, ज्यांच्या अंगणात मी खेळले. मग त्या वकिलानं विचारलं, मूल कुणाचं. आणि माझ्या आईनं मान वळवली. तिनं वकिलाकडे बघून नाही सांगितलं, न्यायाधीशाकडे बघूनही नाही. तिनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे, सरळ, आणि म्हणाली मला मूल नाही. मी विचारलं, तुला काय वाटलं तेव्हा. माझा प्रश्न तिला बावळटपणाचा वाटला असावा. काय वाटायचंय, म्हणाली. मला कळलं की हलायचं नाही. “मी सगळं पाहिलं होतं ना. खेचराच्या पोटाखालून. दोन्ही हातांनी ढकललं तिनं त्याला. त्यांनी मला उभं केलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, नऊ वर्षांचं पोर किती खोटं बोलणार? आणि तिला फाशी झाली असती. मूल नाही म्हणजे साक्षीदार नाही. मी हलले नाही. तेवढं एकच काम तिनं मला दिलं होतं.”

मी तीस वर्षं ते वाक्य वाचत होते. तारखेसकट, पान क्रमांकासकट. वाक्य कुणाकडे बघून म्हटलंय ते कागदावर नव्हतं. आणि ज्या भांड्याला मी जपून वळसा घालत होते ते मुळात फुटायच्या जातीचं नव्हतंच. आईनं आणखी एक सांगितलं, ते सांगताना मात्र तिचा आवाज खाली गेला. शिक्षा संपून खिंडवाली सुटली त्या वर्षी आई बसनं सरहद्दीच्या गावाला गेली होती. दादाला शेजारी ठेवलं होतं आणि मला मांडीवर घेतलं होतं, मी दोन वर्षांची होते. बसथांब्याजवळचं चहाचं दुकान कुणीतरी दाखवलं. ती आत गेली, बाकावर बसली. खिंडवालीनं तिच्यासमोर चहा ठेवला आणि माझ्या हातात बिस्किट दिलं. दोघीही काही बोलल्या नाहीत. एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं, कुणाची गं पोर, तर खिंडवाली म्हणाली, प्रवासी बाईची आहे. म्हणजे तेव्हाही, वीस वर्षांनंतरही, सगळं भोगून झाल्यावरही ती आपल्या शब्दावरून हलली नाही, आणि हीही हलली नाही. परत जायच्या बसची वेळ झाली. मी विचारलं, पुन्हा का नाही गेलीस. आईनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, मला वाटायचं तिनं बोलवावं. तिला वाटत असेल मी बोलावं. माझ्या हातावर त्या बिस्किटाचा स्पर्श आठवतो का हे मी शोधत होते. आठवत नव्हता. आठवतोय असं स्वतःला सांगणं फार सोपं होतं, पण नाही. शेजारच्या इमारतीत दिवे लागायला लागले. आई उठली, खुर्चीच्या हाताला धरून कंबर सरळ केली आणि म्हणाली, “एकाहत्तर वर्षं झाली मला हलून. उद्या मी येते तुझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी ती आली. इस्त्रीची साडी, पायात कॅनव्हासचे बूट, कारण गुडघा. संचालकांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः बाजूच्या खुर्चीत बसले, अभ्यासकाला बोलावलं, ध्वनिमुद्रणाचं यंत्र टेबलावर ठेवलं. आईनं जे मला सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं, न अडखळता. तारखा विचारल्या तेव्हा, मला तारखा नाही येत, हिवाळा होता, एवढंच म्हणाली. एका जागी तिनं पाणी मागितलं. बोलणं संपल्यावर संचालकांनी चष्मा काढून पुसला. ते खरंच हलले होते, नाटक नव्हतं ते. ते म्हणाले की आजी, यानं तर सगळंच बदललं. ही बाई नामचीन नाहीच. ही आई आहे. पोरीसाठी पोरीलाच नाकारणारी आई. आपण हिला उजव्या दालनात घेऊ या, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी, पाटीचा मथळाच तसा करू, आणि अंमलदाराचं, ते पडले की काय ते, ते संदिग्धच ठेवू. अभ्यासक मान डोलवत होता. आणि मीही, खोटं कशाला सांगू, क्षणभर मोहात पडले. उजवं दालन. मोठ्या खिडक्या, उजेड, मंत्री आधी तिथे जाणार. दादाला सांगता आलं असतं. एकाहत्तर वर्षांनी का होईना, कुणीतरी तिला स्वच्छ कपडे घालून चारचौघांत बसवत होतं. मी आईकडे पाहिलं.

“तिला चांगली करू नका,” आई म्हणाली. “ती चांगली नव्हती. तिनं माणूस मारला. तो मारण्यासारखाच होता, पण मारला, आणि मारून खेचरांना पाणी दाखवलं, मग त्या सात जणांना पलीकडे सोडून आली. माल आणायची, खोटं बोलायची, मला चुलीतल्या लाकडानं मारायची. आई म्हणून तिला उजवीकडे नेणार असाल तर नेऊ नका. तिथेच राहू दे. फक्त मी नव्हते असं लिहू नका.”

संचालकांनी मग कायद्याची बाजू काढली, न्यायालयानं तिला मृत्यूला कारणीभूत धरलं होतं, पण ढकलल्याचं सिद्ध मानलं नव्हतं, आपण कसं लिहावं. आई म्हणाली, माझं नाव घाला, माझ्या जबाबदारीवर. समिती शुक्रवारी बसली. मला आत घेतलं नाही, नात्यातली म्हणून. मी माझ्या खोलीत बसून बारावी पाटी चार वेळा तपासली आणि चारही वेळा तिच्यात काय आहे ते कळलं नाही. साडेतीन वाजता अभ्यासक खाली आला आणि म्हणाला, सात विरुद्ध चार, झालं. पाटी मात्र मीच लिहायची असं ठरलं होतं, कारण बाकी कुणाला ती साठ शब्दांत बसेना. मी ती तासाभरात लिहिली. कच्चा खर्डा केलाच नाही.

‘खिंडवाली. खेचरं हाकण्याचा धंदा. सरहद्द आखल्यानंतर नऊ वर्षं खिंडीतून माल आणि माणसं नेली. चौकीच्या अंमलदाराच्या मृत्यूबद्दल वीस वर्षं शिक्षा. न्यायालयाला ढकलल्याचा पुरावा मिळाला नाही; तिनं त्याला ढकललं, असं प्रत्यक्ष पाहणाऱ्या तिच्या मुलीचं सांगणं आहे. मला मूल नाही, असं तिनं न्यायालयात सांगितलं. ते खोटं होतं. तिला एक मुलगी आहे.’ खाली आईचं पूर्ण नाव, आणि कोपऱ्यात माझी सही. छापखान्यातून फोन आला की शेवटच्या वाक्यात ‘होती’ हवं ना, बाकी सगळं भूतकाळात आहे. मी म्हटलं, नाही, आहे.

उद्घाटनाला दादा आला नाही. वहिनी आली. एकटी रिक्षानं आली, आईच्या हातातली पिशवी तिनं आपल्याकडे घेतली आणि दादाबद्दल कुणी काही विचारू नये अशा बेतानं सारखी काहीतरी बोलत राहिली. मंत्री आधी उजवीकडे गेले, तिथेच त्यांचं भाषण झालं, तिथेच फोटो निघाले. आम्ही डावीकडे होतो. तिथे गर्दी कमी असेल असं वाटलं होतं, पण भाषण चालू असतानाच माणसं मागच्या मागे सटकून डाव्या दालनात यायला लागली, बायका तर जास्तच. खाणावळवालीच्या पाटीपाशी दोघीतिघी कुजबुजत हसत होत्या. खिंडवालीचे फोटो दोनच आहेत, तुरुंगात घेतलेले, एक समोरून आणि एक बाजूनं. समोरच्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघते आहे, भीक नको आणि दयाही नको अशी. आई तो फोटो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती. मी तिच्या मागे उभी होते, पडलीच तर धरायला. ती पडणारी नव्हती. तिनं पाटी वाचली नाही. चष्मा कपाळावर सरकवून ती फोटोच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासानं काच धुरकट झाली, आणि तिनं ती तळहातानं पुसली. पहारेकरी पुढे आला, काचेला हात लावायचा नसतो. मी त्याच्याकडे पाहिलं, तो मागे झाला.

तेवढ्यात एक जोडपं आलं. सूटबूट, अत्तराचा वास, हातात पत्रक. गृहस्थ आईच्या आणि फोटोच्या मधे येऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून, आणि पाटी मोठ्यानं वाचली, बायकोला ऐकू यावी म्हणून. शेवटच्या ओळीला ते थांबले. मान हलवत म्हणाले, अरेरे, अशा बायकांच्या मुलांचं पुढे काय होत असेल. वहिनीनं माझा हात धरला. माझ्या तोंडाशी साठ शब्दांहून कितीतरी जास्त आलं होतं, तेहतीस वर्षांचं, पण आई माझ्याआधी बोलली, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला सांगावं तशा आवाजात.

“म्हातारी होतात,” ती म्हणाली. “जरा बाजूला व्हा, मला आई दिसत नाहीये.”